गोरीला न लागणारा फोन

९ ऑगस्ट २००८ रोजी, शनिवारी, रशियन विमानांनी जॉर्जियातल्या गोरी शहरावर बॉम्ब टाकले. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या शेजाऱ्यांची मुलगी त्या आठवड्यात गोरीत होती.

शेजारी नवरा-बायको मूळचे लिथुआनियाचे, लहानपणी दुसऱ्या महायुद्धातून इकडे आलेले. आमची मुलं त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून आम्हीही. मुलगी इथेच वाढली. लिथुआनिया स्वतंत्र झाल्यावर ती तिकडे गेली, परराष्ट्र खात्यात लागली. तो चिमुकला देश स्वतः युरोपीय संघात शिरल्यापासून जॉर्जिया आणि युक्रेनची बाजू लावून धरत होता. त्याच धोरणाचा भाग म्हणून ती गोरीच्या नगरपालिकेतल्या लोकांना प्रशिक्षण द्यायला गेली होती. जाऊ का, असं तिने विचारलं तेव्हा काका लगेच "जा" म्हणाले होते.

आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकू पुन्हा पुन्हा तिचा नंबर फिरवत होत्या. मोबाइल लागत नव्हता. टीव्हीवर युद्धाच्या बातम्यांमधून मध्येच ऑलिंपिकची पोहण्याची शर्यत येत होती.

"रशिया म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू," काका मला म्हणाले. "आज शेजाऱ्याचं छत गळतंय, उद्या आपलं."

"म्हणून पोरीला छत्री देऊन पाठवलीत," काकू म्हणाल्या.

सोमवारी तिचा फोन आला. ती राजधानीत, तिबिलिसीला पोचली होती. परदेशी नागरिकांना आर्मेनियात नेणाऱ्या बसमध्ये तिला जागा मिळाली होती. काकूंनी तिच्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घातली.

मंगळवारी दुपारी तिबिलिसीतली सभा टीव्हीवर दिसली. जॉर्जियाच्या पाठीशी उभं राहायला पूर्व युरोपातल्या देशांचे नेते आले होते. त्यांत लिथुआनियाचे राष्ट्राध्यक्षही होते. काका उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. बापलेकीचं बोलणं इंग्रजीतच चाले.

"बाबा, आपले राष्ट्राध्यक्ष इथे आलेत. मी बसमध्ये कशी बसू?"

"ते उद्या परत जातील."

"म्हणूनच," ती म्हणाली.

काकांनी फोन काकूंपुढे सरकवला.

शुक्रवारी तिची ईमेल आली. मदतीच्या ट्रकबरोबर ती गोरीच्या रस्त्याला लागली होती. गोरी आता रशियन सैन्याच्या ताब्यात होतं, आणि शहराबाहेर त्यांची चौकी होती.