राक्षसाने डावा डोळा मिटला

पेडणे आणि डिचोली महालांतील, तसेच म्हापशाच्या बसने ये-जा करणाऱ्या सर्व सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका सूडबुद्धीची आहे. क्षमा वगैरे थोर गोष्टी तिला येत नाहीत आणि शिकण्याची इच्छाही नाही. कुणाची हरकत असल्यास ती त्यांनी मनातच ठेवावी.

आता सांगते. म्हापशातल्या एका जाहिरात संस्थेत मी क्लायंट अकाउंट मॅनेजर आहे. हे काम काय असतं ते सासूला समजावताना मी नारळाचा रस गाळायचं फडकं दाखवलं होतं. गिऱ्हाईक बोलतं ते गाळून आमच्या चित्रकारांकडे न्यायचं, चित्रकार बोलतात ते गाळून गिऱ्हाइकाकडे. चोथा माझ्यापाशी राहतो. इतक्या वर्षांचा चोथा साठला की माणूस एक तर संत होतो, नाही तर माझ्यासारखा.

पेडण्याचे एक काजूवाले शेट आमचं गिऱ्हाईक. त्यांच्यापुढे कुठलंही चित्र ठेवलं की ते डावा डोळा मिटत, भाजलेला काजू तोंडात टाकत (समोरच्याला कधी विचारलं नाही), सावकाश चावत आणि म्हणत, "बरां आसा. पण उजेड कमी पडता." कसला उजेड, कुठे कमी, ते देवाला ठाऊक.

त्यांच्या नव्या पाकिटाचं चित्र आमच्याकडे काम करणाऱ्या, नार्वे गावच्या मुलीने काढलं. काजूच्या झाडाखाली वाकून बोंडू वेचणारी, कासोटा खोचलेली बाई. ती तिची आईच होती. उजेड कमी पडत पडत ते इतक्यांदा बदललं की शेवटी मी कंटाळून पहिलंच चित्र पुन्हा नेऊन ठेवलं. शेट खूश झाले. आता कसा उजेड पडला, म्हणाले.

पाकिटामागे बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव यायचं ठरलं होतं. शेटनी तोंडाने होकार दिला होता, म्हणून मुलीने घरी सांगून टाकलं. तिच्या वडिलांना ही नोकरी मुळातच पटलेली नव्हती. ओळखीने कारकुनी मिळत असताना चित्रं कसली काढत बसतेस, असं त्यांचं म्हणणं. पाकीट बाजारात आल्यावर त्यांनी डिचोलीहून ते विकत आणलं आणि चष्मा लावून मागची बाजू वाचली. तिथे शेटच्या भाच्याचं नाव होतं. वडील ओरडले नाहीत. तिकडे खोटं बोलायलाही शिकवतात काय, एवढंच विचारलं, आणि महिनाअखेर नोकरी सोड म्हणाले.

मी शेटना जाऊन भेटले. भाच्याचं लग्न जमवायचं आहे मॅडम, पोराचं जरा नाव व्हायला नको का, असं ते हसत हसत म्हणाले. तुमची मुलगी काय, आणखी काढील. आमच्या मालकांनी मला गप्प बसायला सांगितलं. मी गप्प बसले. गप्प बसलेल्या बाईला भ्यावं, हे शेटना कुणी शिकवलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. नव्या दुकानाचं उद्घाटन आहे, संध्याकाळी काहीतरी आपल्या मातीतलं बसवा. मी म्हटलं, दशावतार.

माझा धाकटा दीर झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि दशावतारी कंपनीत राक्षस होतो. त्यांच्यात गोष्ट तेवढी ठरलेली असते, संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. मी कागद-पेन काढलं तर तो म्हणाला, "वयनी, लिवून देव नकात. तोंडान सांगा, बाकीचा राक्षसाक कळता." मग स्वयंपाकघरात मी त्याला शेट करून दाखवले. डोळा, काजू, उजेड, भाचा, सगळं. भाकरी थापता थापता सासूचे हात थांबले.

उद्घाटनाला शेट पहिल्या रांगेत, शेजारी कोऱ्या कुर्त्यातला भाचा. पलीकडे भाच्यासाठी बघितलेल्या मुलीकडची मंडळी. त्यांना मी बोलावलं नव्हतं; तो देवाने वर घातलेला प्रसाद. दुसऱ्या रांगेत नार्व्याहून मीच आणवलेली आमची मुलगी, तिची आई आणि हातांची घडी घालून बसलेले वडील.

राक्षसराजाला विजयाच्या ध्वजावर चित्र हवं होतं. चित्रकाराने ध्वज आणला. राजा बाकावर बसला, डावा डोळा मिटला, शेल्यातून काजू काढून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. पायपेटी थांबली.

"बरां आसा," राक्षस म्हणाला, "पण उजेड कमी पडता."

सगळ्यांत मागे शेटच्या कारखान्यातले कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार उभे होते. आधी ते हसत सुटले, मग सगळा मांडव. शेटही हसले, कारण सगळे हसत होते. चित्रकाराने ध्वज आत नेला आणि तोच परत आणला. राक्षसाला उजेड दिसला. मग त्याने भर दरबारात जाहीर केलं की हे चित्र आपल्या भाच्याने काढलं आहे. शेटचं हसू गेलं. त्यांनी वळून मला शोधलं. मी हात जोडून नमस्कार केला, गिऱ्हाइकाला करतात तसा, नीट वाकून.

आमचं ठरलेलं इथवरच होतं. पण दिराच्या अंगात राक्षस पुरता शिरला होता, आणि भाच्याचं काम करायला कंपनीत माणूस उरला नव्हता. तो रंगमंचाच्या कडेला आला आणि तलवार थेट पहिल्या रांगेवर रोखून गरजला, भाच्या, ऊठ, आणखी एक चित्र काढ, सगळ्यांदेखत. दशावतारातल्या विनोदी संकासुराने भाच्यापुढे कुंचला धरला.

भाचा खरोखरच उठला. त्याने मामाकडे बघितलं, मामा स्वतःच्या चपला बघत होते. मुलीकडच्यांकडे बघितलं, ते त्याच्याकडेच बघत होते. मृदंगवाल्याचा हात वरच राहिला. मी मात्र दुसऱ्या रांगेतल्या त्या हातांच्या घडीवरून नजर हलवली नाही. ती सुटली, ती भाच्याच्या तोंडून हे निघालं तेव्हा:

"माका खंय येता चित्रां काढूक! तां त्या नार्व्याच्या चेडवान काढल्यान, मामान माजां नाव घातल्यान."