मामांच्या शेवटच्या चढाईत माझी पकड

हसायचं तर हसा, पण पूर्ण ऐकून हसा. परवा हसनाबादच्या मैदानावर, भर गर्दीत, मी जो पराक्रम केला, तो हल्ली आमच्या गल्लीत चहासोबत वाढला जातो!

दत्तूमामा म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे मामा. गावाच्या कबड्डी संघात उभं आयुष्य काढलं. आता गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. म्हणून गावानं त्यांच्या निरोपाचा आणि मदतीचा सामना ठेवला. समोर बदनापूरचा संघ. त्यात जालन्याच्या एका बियाणेवाल्या शेठनं माइकवर सांगून टाकलं, "मामांची शेवटची चढाई यशस्वी झाली, तर ऑपरेशनचा सगळा खर्चा माझा!"

आता मला सांगा, असं ऐकल्यावर कुणाचा जीव थाऱ्यावर राहील? माझा तर एरवीही नसतो. लेकरू शिंकलं तरी मी थर्मामीटर शोधते!

कबड्डीतलं मला कळतं एवढंच: समोरच्यांना शिवायचं आणि दम न सोडता मधली रेघ गाठायची. मामा गेले. एकाला शिवले, वळले, आणि त्याच्यासकट पाच धिप्पाड पोरं त्यांच्यावर कोसळली. सगळ्यांच्या खाली मामा, आणि मामांच्या खाली तो गुडघा!

लेकरू सासूबाईंच्या मांडीत टाकलं आणि मी सुटले.

"सोडा त्यांना! गुडघा मोडेल!"

लेकराला उचलते तसे मामांच्या बगलेत हात घातले आणि सगळा जोर लावून ओढलं. मागं!

मामांची बोटं रेघेपासून वीतभर होती. ती आता हातभर झाली.

सगळं मैदान ओरडलं. मला वाटलं, शाबासकी!

"अगं, काय करून राह्यलीस?" हे किंचाळले. "रेघ तिकडं हाय!"

"आधी गुडघा, मंग रेघ!" मीही ओरडले.

ते ऐकून बदनापूरचा एक पोरगा फिस्सकन हसला. मग दुसरा. हसताना कुणाची पकड राहते का? आणि मामा! मामांनी दम सोडलाच नव्हता. 'कबड्डी कबड्डी' चालूच! त्यांनी असा झटका दिला, की पाच पोरं आणि पाठीला चिकटलेली मी, अशी अख्खी वरात घेऊन ते रेघेवर आदळले.

शिट्ट्या! टोप्या हवेत! शेठ खुर्चीवर उभे!

बदनापूरचा कप्तान मात्र तणतणत आला. "पंच, हे काय? बाहेरचं माणूस आत आल्तं की!"

"आल्तं," पंच शांतपणे म्हणाले. "पण ओढलं कुणीकडं? तुमच्याकडं. मंग तो तुमचाच गडी."

"बराबर!" माइकवाला गरजला. "वहिनी माहेरच्या संघाकडून खेळल्या!"

माझं माहेर बदनापूर, हे अख्ख्या गावाला ठाऊक. कप्तानालाही हसू आवरेना. त्यानं हात जोडले आणि गुण मान्य केले.

पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं. वरूनच मामा म्हणाले, "सूनबाई, इतकी वर्षं खेळलो, पण अशी पकड पाह्यली न्हाई!"

तेवढ्यात पंचांनी बोटं वर केली. "पाच गडी बाद!" मग माझ्याकडं पाहिलं. "सहा!"

मी, एम.एस्सी., बी.एड., पदर सावरत बाद झालेल्यांच्या रांगेत मुकाट जाऊन बसले.

शेजारच्या पोरानं सरकून जागा दिली आणि हळूच म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण आपण तुमच्यामुळंच हरलो."