सुलभाचा एक तास

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात तोंडी परीक्षा घेत होतो. समोरची मुलगी मधुमेहाची लक्षणं सांगत होती. तिला थांबवायचंही सुचलं नाही... ती बोलत राहिली, मी मान हलवत राहिलो.

आम्ही दोघं एकाच वर्गातले. मी शिकवण्यात रमलो, डॉ. सुलभा राऊत बोईसरला, कारखान्यांच्या बसेस थांबतात त्या रस्त्यावर, दवाखाना टाकून बसली. नव्या अभ्यासक्रमाचा विषय तिनंच काढला होता. मुलांना आजार शिकवता, घर कधी शिकवणार, असं तिचं म्हणणं. मग रविवारी तिच्या पालघरच्या घरी बसून आम्ही कौटुंबिक वैद्यकाचा अभ्यासक्रम लिहायला घेतला. प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक कुटुंब जोडून द्यायचं आणि त्या घरातलं बाळंतपण, ताप, म्हातारपण, मरण त्यानं शेवटच्या वर्षापर्यंत बघायचं, एवढीच कल्पना. प्रयोग म्हणून तिनं काही मुलांना बोईसरला नेलं. झोपेची गोळी मागणाऱ्या एका कामगाराच्या खोलीवर ती त्यांना घेऊन गेली. तो रात्रपाळी करून परतायचा, तेव्हा खोलीतले दुपारपाळीचे सोबती उठून स्वयंपाकाला लागलेले असायचे. सुलभानं गोळी दिली नाही. मुकादमाला भेटून खोलीतल्या सगळ्यांची पाळी एक करून घेतली.

महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम समितीला कल्पना आवडली, पण दर बैठकीत ती थोडी थोडी कापली गेली. गुण कसे देणार, मुलांना न्यायला गाडी कुठली, शिक्षक कोण... प्रश्न खोटे नव्हते, म्हणूनच मला भांडता येईना. शेवटी उरलं एका तासाचं व्याख्यान. हे तिला कसं सांगावं, या विचारात मी होतो. ती म्हणाली, तास तर तास, येते मी. आली. मागच्या बाकांवरची मुलं फोनमध्ये होती, तरी ती शेवटपर्यंत मनापासून बोलली.

पुढच्या वर्षीच्या तासाआधीच तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात मी तिच्याजवळ बसायचो. एक डॉक्टर रक्ताचे रिपोर्ट बघून जायचा, एक यकृत, एक नुसता स्कॅन. सगळे हुशार, कामात चोख. एका दुपारी ती हळूच म्हणाली, "यातला माझा डॉक्टर कोण रे?"

तिनं डोळे मिटून घेतले.

गेल्या आठवड्यात तिच्या मुलीबरोबर दवाखाना आवरायला गेलो. पायरीवर जवळच्या उमरोळी गावची एक आजी बसली होती, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. डॉक्टरीणबाई गेल्याचं तिला ठाऊक होतं.

"पन दुसरीकडं गेली तं समदं पयल्यापासून सांगाया लागंल," ती म्हणाली. "नाय होत आता."

मी तिला आत घेतलं. सुलभाची खुर्ची टेबलापलीकडे नव्हतीच, रुग्णाच्या स्टुलाला लागून होती. त्या खुर्चीत बसणं मला जमेना. उभ्यानंच म्हटलं, "सांगा."

ती सुनेबद्दल बोलू लागली, मग कुणा वसंताबद्दल... वसंता कोण, हे मला ठाऊकच आहे असं धरून.