दिसून राह्यलं होतं

यवतमाळात शुभदाबाई सरपटवारांचा विषय निघाला की वकील मंडळी म्हणत, "त्यांचं काही सांगूच नका!" आणि मग अर्धा तास सांगत बसत. खालच्या कोर्टात साक्षी मराठीत होतात. प्रकरण वर गेलं की त्या इंग्रजीत लागतात. ते इंग्रजी करून देणं हे बाईंचं काम, घरबसल्या, गेली कितीतरी वर्षं. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत. कागद वाचण्याचा नाद घरातलाच.

पण बाईंची रीत जगावेगळी. साक्षीदाराचं वाक्य त्या आधी स्वतः बोलून बघत, त्याच्याच आवाजात, त्याच्याच ठसक्यात. पोळ्या लाटता लाटता हवालदार व्हायचं, कुकरची शिट्टी होईस्तोवर दारुड्या शेजारी व्हायचं. त्यांचे यजमान अनंतराव बाहेरच्या खोलीतून विचारत, "आज जेवायला कोण आहे? फिर्यादी की आरोपी?" बाई म्हणत, "गप्प बसा हो! माणूस तोंडात बसल्याशिवाय शब्द सापडत नाही."

आणि शब्दांच्या बाबतीत बाई म्हणजे महाकिरकिऱ्या. एकदा एक नवा वकील सहज बोलून गेला, "बाई, ऑब्व्हियस काय, एव्हिडंट काय, ॲपरंट काय, सगळ्यांचा अर्थ उघड असणं हाच ना? टाका कुठलाही." झालं! बाईंचा पारा चढला. "कुठलाही? मिरची संपली म्हणून भाजीत मिरे टाकता का हो तुम्ही?" मग त्याला समोर बसवून शिकवणीच घेतली. ऑब्व्हियस म्हणजे डोळ्यांत घुसणारं. बघायचं नाही म्हटलं तरी दिसणारं, नाकारायला जागाच नसलेलं. एव्हिडंट म्हणजे खुणा जोडून कळणारं. अंगण ओलं आहे, बादली रिकामी आहे, म्हणजे कोणीतरी सडा घातला. क्लिअर म्हणजे मनात शंका उरली नाही असं. आणि ॲपरंट? "ते फार लबाड आहे," बाई म्हणाल्या. "ट्रॉलीतला कापूस वरून कोरडा दिसतो, व्यापारी आत हात घालतो तर ओला. दिसलं खरं, पण तसं असेलच याची हमी नाही. हा शब्द वापरला की बोलणाऱ्याला मागे सरकायला जागा मिळते." बिचारा चहा न पिताच पळाला.

अशा या बाईंकडे राळेगावकडच्या एका खेड्यातल्या बेबीताईची साक्ष आली. बेबीताईची अर्पिता लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच सासरच्या विहिरीत सापडली होती. छळ करून मरायला लावलं म्हणून जावयाला खालच्या कोर्टानं शिक्षा दिली, आणि तो वर अपिलात गेला. शेजारीपाजारी साक्ष फिरवून मोकळे झाले होते. ज्यांनी रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकलं, त्यांनाच ऐन वेळी काही आठवेना! सगळा भार होता तो एकट्या आईच्या साक्षीवर. ती टिकली तर जावई आत राहणार, नाही टिकली तर सुटणार, इतकं सरळ होतं.

बाईंनी नेहमीसारखं वाक्य तोंडात घेतलं. "दिवाळीले आलती पोरगी. खुश हाये म्हने. हासे, बोले. पन मले दिसून राह्यलं होतं न साहेब." त्या पुन्हा बोलल्या. जी बाई कधी पाहिली नाही, तिचा आवाज तोंडात बसला. शब्द कुठला, याबद्दल शंकाच नव्हती. ऑब्व्हियस. वाक्याच्या शेवटी ठासून म्हटलेला तो 'न' साक्षीलाच होता.

पण त्याच्याखालीच आरोपीच्या वकिलाचा प्रश्न होता: "दिसत होतं, तर परत कायले पाठवली?" आणि पुढे नोंद, साक्षीदार काही बोलली नाही.

बाईंचा हात थांबला. ऑब्व्हियस लिहिलं तर काय होईल? वर कोर्टात बसलेली शिकलेली माणसं ते वाचतील आणि म्हणतील, ही कसली आई! ढळढळीत दिसत असताना पोरीला मरणाच्या दारात सोडून आली. हे कायमचं कागदावर राहील, छापलं जाईल. बाई उठल्या, पुण्याला त्यांच्या मुलीला, स्पृहाला, फोन लावला. "बरी आहेस ना?" "हो आई." दहा मिनिटांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा स्पृहा वैतागली, "आई, तुला झालंय काय? मी खुश आहे, सांगितलं ना!" फोन ठेवल्यावर बाईंना वाटलं, आता हिच्या या बोलण्यावरून मी काय ओळखायचं? कुठल्या आईला ओळखता येतं?

त्या परत येऊन बसल्या आणि त्यांनी ॲपरंट लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शब्द ऐकून नाही, दया येऊन निवडला. त्या माउलीला मागे सरकायला तेवढी जागा दिली. कोणाला सांगितलं नाही. मनातल्या मनात बरंच वाटलं त्यांना, एखाद्याच्या पोळलेल्या हातावर फुंकर घालावी तसं.

अपिलाचा निकाल लागला. जावई सुटला. वकिलांनी निकालाची प्रत आणून दिली, ती बाईंनी उभ्याउभ्याच वाचली. आत त्यांचाच शब्द त्यांना भेटला. आईला मुलीचा त्रास केवळ वरवर जाणवला होता, तिची स्वतःची खात्री नव्हती, बाकी साक्षीदारही फिरले आहेत, सबब संशयाचा फायदा. बाईंनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. अनंतराव पाणी घेऊन आले तरी त्यांना कळलं नाही.

महिनाभरानं दुपारी दारात एक बाई उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. "शुभदाबाई तुमीच का?" आवाज ऐकताच बाईंनी तिला ओळखलं. हा आवाज त्यांच्या स्वतःच्या तोंडातून किती वेळा निघाला होता!

"वकिलानं पत्ता देल्ला," बेबीताई खाली सतरंजीवर बसत म्हणाली. "माह्यी साक्ष तुमी इंग्रजीत केली म्हने. जावई गावात पेढे वाटून राह्यला बाई. वकील म्हने, आईलेच खात्री नव्हती असं निकालात लिवलं. मी तं असं बोलली नव्हती. मग हे आलं कुठून?"

शुभदाबाईंना खोटं बोलता आलं असतं. कोर्टाचं असंच असतं, म्हणून चहा पाजून वाटेला लावता आलं असतं. पण त्या समोर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. एक शब्द होता जो तुम्ही बोललात. दुसरा होता जो मी लिहिला. पहिल्याचा अर्थ, नाकारताच येणार नाही इतकं दिसलं. दुसऱ्याचा अर्थ, दिसल्यासारखं वाटलं. "लोक तुम्हाला दोष देतील म्हणून मी... ताई, मला तुमची दया आली हो." एवढं बोलून त्यांना रडू फुटलं.

बेबीताई रडली नाही. सतरंजीचा काठ चिमटीत धरून ती म्हणाली, "दिवाळीच्या दिवशी मी तिच्या डोक्याले तेल लावाले बसली. तिनं हात लावू देल्ला नाई. झोपल्यावर मी केस बाजूले करून पाह्यलं बाई. चामडी फाटेल होती. मंग मी केस परत होते तसे करून देल्ले. अन् भाऊबीज झाल्यावर मीच तिले यष्टीत बसवलं. पोरगी घरी ठेवली तं लोकाईत मान खाली घालाले लागन, लहान्या बहिनीचं लगन अडन, म्हनून बसवलं. खिडकीतून हात हालवला तिनं."

"हे तुम्ही कोर्टात सांगितलं नाही?" शुभदाबाईंनी कसंबसं विचारलं.

"तोंडातून निघेच ना. जीभच लुळी पडली. म्हनून तेवढंच बोलली, मले दिसून राह्यलं होतं. म्हनलं, समजनारा समजते. मंग त्या वकिलानं इचारलं, परत कायले पाठवली. मी गप्प राह्यली. आता त्याले काय सांगू? मी गप्प राह्यली म्हनजे कबूलच केलं न?"

बाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला. बेबीताईनं तो धरू दिला, पण तिच्या हातात जीव नव्हता.

"मले वाचवाले कोनी सांगतलं होतं तुमाले?" ती हळूच म्हणाली. "लोकं थुकले असते माह्यावर, थुकू देल्लं असतं. जितेपनी त्या पोरीसाठी काईच केलं नाई मी. मेल्यावर एक काम केलं. साऱ्याईसमोर उभी राहून म्हनलं, मले दिसत होतं. तेवढं एकच काम होतं बाई माह्यं तिच्यासाठी."