विहिरीतल्या नळीची चोरी

पोलीस खात्यात आयुष्य गेले, दरोडे पाहिले, खून पाहिले. पण हातभर लांबीच्या एका स्टीलच्या नळीची चोरी आजही माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे. त्यातली माणसे अजून त्याच गावात नांदतात, म्हणून कुणाचे नाव देत नाही.

तेव्हा मी पैठण रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. विद्यापीठात भूशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम आमच्या हद्दीत संशोधन करत होत्या. पाऊस बरा होऊनही काही गावांच्या विहिरी दिवाळीनंतर लगेच तळ का गाठतात, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत त्यांनी तारेला बांधून ती नळी सोडली होती. पाणी किती चढले, किती उतरले, याची नोंद ती आपोआप ठेवायची. एके दिवशी मॅडम विहिरीवर गेल्या तर तार कापलेली आणि नळी गायब. त्यांनी ठाण्यात येऊन फिर्याद दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे गाव ठाण्यात आले. पुढे बापू. मोठे जमीनदार, मोसंबीची बाग, गावात शब्दाला वजन. त्यांनी एका मेंढपाळाला धरून आणले होते. त्याचा सदरा फाटलेला, ओठ सुजलेला. त्याचा मेंढ्यांचा वाडा महिनाभर गावाशेजारच्या पडीक रानात होता.

"ह्योच चोर हाय सायेब," बापू म्हणाले. "मेंढरं पाजायच्या निमित्तानं विहिरीवर ह्याचंच येणं-जाणं. आजच्या आज ह्याचा वाडा उठवा."

मेंढपाळ हात जोडून म्हणाला, "सायब, मला त्या नळीचं काय करायचंय? बाजारच्या दिवशी दिसली व्हती ती तार, सकाळच्याला. मंग मी बिडकीनला कोकरं इकाया गेलो."

फिर्यादीला एक दिवस झाला नाही तोच आरोपी तयार मिळाला, की माझी पहिली नजर आणणाऱ्यावर जाते. मी मेंढपाळाला अटक केली नाही. आधी दवाखान्यात पाठवून जखमांची नोंद घेतली, मारहाणीचा वेगळा गुन्हा दाखल केला आणि मग जबाब लिहून घेतला. बापूंना ते रुचले नाही. दुपारी एका पुढाऱ्याचा फोनही आला. "तपास चालू आहे," एवढेच सांगून मी तो ठेवला.

खबर मिळाली ती बिडकीनच्या एका भंगारवाल्याकडून. तो आमचा जुना माणूस. म्हणाला, "साहब, एक जना चमकती नली लेके आया था. उसपे नंबर देखा तो मैं बोला, भाई, ये माल अपने काम का नै. वापस भेज दिया." नळी आणणारा कोण, हेही त्याला ठाऊक होते. तो बापूंचा ट्रॅक्टर चालवणारा गडी होता.

गड्याला मी एकट्याला समोर बसवले. माझ्या टेबलावर काठी कधीच नसायची. भित्रा माणूस काठीला घाबरून वाट्टेल ते कबूल करतो आणि कोर्टात ते टिकत नाही. मी म्हणालो, "भंगारवाल्यानं तुला ओळखलंय. आता नळी कुठंय, एवढंच सांग."

तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. मग म्हणाला, "बापू म्हणले, काढ अन् दे फेकून. मला वाटलं, चार पैशे येतील. त्यानं घेतली नाय, मंग शेततळ्यात टाकली."

पंचांसमक्ष नळी बाहेर काढली. मॅडमनी ठाण्यातच ती लॅपटॉपला जोडली. पडद्यावर एक रेघ आली, करवतीच्या दात्यांसारखी. थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, "साहेब, विहिरीजवळ कुठंतरी मोठा पंप चालतोय. शेतीची वीज आली की विहिरीचं पाणी बसतं, वीज गेली की हळूहळू वर येतं." एका ठिकाणी रेघ तुटून एकदम खाली आली होती. तिथे नळी पाण्याबाहेर काढली गेली होती. ती वेळ होती बाजारच्या दिवसाची भर दुपार. त्या वेळी मेंढपाळ बिडकीनच्या बाजारात होता. कोकरे घेणाऱ्या व्यापाऱ्याने तसा जबाब दिला.

बापूंना बोलावले. मी त्यांच्याकडे लॅपटॉप वळवला आणि ते दाते कशाचे, ते सांगितले. विहिरीला लागून असलेल्या त्यांच्या बागेत, कडब्याच्या गंजीआड नवा बोअर होता; तो मी आधीच पाहून आलो होतो. सार्वजनिक विहिरीच्या इतक्या जवळ बोअर घ्यायला कायद्याने मनाई आहे.

"माझ्या रानातलं पाणी माझंच की," ते म्हणाले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बापू, जमिनीखाली बांध नसतो."

बापूंची मान खाली गेली. "बाग जळताना बघवंना, सायेब. पोटच्या लेकरासारखी वाढवली. ही नळी बोअरचं बिंग फोडणार, एवढंच डोक्यात व्हतं." मला त्यांचे वाईट वाटले. तरी दोषारोपपत्रात एक ओळही कमी लिहिली नाही. तहसीलदारांना अहवाल गेला आणि बोअरला सील लागले.

मेंढपाळाला बोलावून मी म्हणालो, "दादा, तुझ्यावर काही नाही. निर्धास्त जा."

तो जागचा हलला नाही. "हितं नका सांगू, सायब," तो म्हणाला. "जिथं मारलं तिथं सांगा."

मी त्याच दिवशी त्याला जीपमध्ये घेऊन गावात गेलो. त्याला मारले होते ते पारावर. तिथेच माणसे बोलावली आणि खणखणीत आवाजात सांगितले, की या माणसाने काहीही चोरलेले नाही, त्याला मारणाऱ्यांवर गुन्हा दाखल आहे. गर्दीच्या मागे उभी असलेली त्याची बायको वळली आणि कुणाची परवानगी न मागता मेंढ्यांना पाणी पाजायला विहिरीच्या हाळावर घेऊन गेली. कुणी अडवले नाही.

चोर सापडला की तपास संपला, असे आम्ही पोलीस धरून चालतो. पण ज्याच्यावर चारचौघांत डाग लावला, त्याचा डाग चारचौघांतच पुसावा लागतो; कागदावर निर्दोष ठरून त्याला गावात मान वर करता येत नाही. पुढे ज्या-ज्या ठाण्यात गेलो, तिथे हे काम मी स्वतः केले. ते कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. मला ते एका मेंढपाळाने शिकवले.