फी न घेणाऱ्या डॉक्टरची बोटं

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण बैलांच्या बाजारात दलाली केली ती ताठ मानेने. आमचा सौदा उपरण्याखाली होतो. दोघांचे हात झाकलेले, भाव बोटं दाबून सांगायचा आणि तोंडाने भलतंच काहीतरी बोलत राहायचं. त्यामुळे कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवायची सवय मला लागलीच नाही.

स्वातंत्र्यानंतर थोड्या वर्षांनी मला शौचातून रक्त जायला लागलं. मूळव्याध समजून कल्याणातले वैद्य झाले. शेवटी मुंबईला एका तरुण सर्जनने पोट उघडून आतड्याचा तुकडा काढला. कॅन्सर म्हणाला. दर सहा महिन्यांनी दाखवायला या, असं त्याने बजावलेलं. मी गेलो नाही. जखम भरली, बैलांमागे हिंडायला लागलो, मग दवाखान्यात कशाला जायचं?

तर एका रविवारी तोच दारात उभा. स्टेशनवरून टांगा करून आलेला. मला खाटेवर निजवलं, उजव्या बरगडीखाली बोटं घातली, मोठा श्वास घ्या म्हणाला. चहा प्यायला आणि निघाला. फी विचारली तर नको म्हणाला.

तिथेच मला शंका आली. तो गेल्यावर बायकोला म्हटलं, "ह्याला माझं काय हवंय?"

"फी घेतली असती तर लुटारू म्हणाला असतात," ती म्हणाली.

"अगं, घ्यायचा नसेल तर बैलाच्या बरगड्या कुणी चाचपत नाही."

"दात बघितले का त्यांनी तुमचे? मग कसलं गिऱ्हाईक?"

तिला हसायला काय जात होतं.

पुढच्या वर्षी तो परत आला. मी विचारलंच, "डॉक्टर, मेल्यावर माझं मढं कापायला हवंय का तुम्हाला?"

तो रागावला नाही. आतड्याचा हा रोग पुढे लिव्हरमध्ये शिरतो, म्हणाला, आणि तिथे शिरला की सगळे डॉक्टर हात टेकतात. पण तिथे एकच गाठ असेल आणि वेळेवर सापडली, तर ती काढून माणूस वाचेल असं त्याला वाटत होतं. त्याचाच तो शोध घेत होता. म्हणून ज्यांची ऑपरेशनं केली त्यांच्या घरी जायचा. ठाण्याला, डोंबिवलीला, विठ्ठलवाडीला.

"म्हणजे माझ्यात गाठ निघायची वाट बघताय."

"न निघावी म्हणून येतो."

गोड बोलला. गोड बोलणारे मी बाजारात रोज बघत होतो.

त्याच्या पुढल्या खेपेला बोटं बरगडीखाली फिरली, पुढे सरकली आणि परत मागे आली. तोंडाने तो बायकोला यंदा भाताचं कसं काय, असं विचारत होता. बैलात खोड सापडली की गिऱ्हाइकाचा हात असाच मागे येतो. मी त्याचं मनगट धरलं.

"काय लागलं हाताला?"

"काही विशेष नाही. पुढच्या आठवड्यात जरा..."

"बोट थांबलं तुमचं, डॉक्टर."

तो खाटेच्या कडेवर बसला. गाठ असावी, म्हणाला. उघडून बघावं लागेल.

"आधी कुणाची काढलीत?"

"एकाची."

"कुठे असतो तो?"

"वाचला नाही."

बायकोने तोंडाला पदर लावला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचं तोंड आणि हात त्या दिवशी पहिल्यांदा एकच सांगत होते.

मी अट घातली. काढाल ते मला दाखवायचं. नाही दाखवलंत, तर काढलंच नाही असं समजेन.

शुद्धीवर आलो तर उशाशी काचेची बरणी घेऊन तो उभा होता. आत सुपारीएवढी पांढरट गाठ, भोवती लिव्हरचा तुकडा. त्याला ती अभ्यासाला ठेवायची होती. "ठेवा," म्हटलं, "मीही फी घेत नाही."

पुढच्या वर्षी तो आला तेव्हा मी न सांगता खाटेवर निजलो. बोटं सरळ पुढे गेली.

"परत फिरवा."

"अजून संशय आहे?"

मी सदरा आणखी वर ओढला. त्याने परत फिरवली. मी डोळे मिटून एकेका बोटावर लक्ष ठेवलं. कुठेच थांबली नाहीत. मग बायकोला हाक मारली, "अगं, चहा ठेव."