देवाआधीचा चमचा

आज आईनं नैवेद्याची आमटी देवाआधी स्वतः चाखली. नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून जन्मभर ती नुसत्या वासावरून मीठ ओळखायची. मागे एकदा खीर करपल्याचं शेजारणीला कळलं, गॅसपाशी उभ्या असलेल्या आईला नाही. आम्ही ‘वय झालं’ म्हणून हसलो. वयाच्या नावावर आपण काय काय खपवतो! नंतर चालताना तिचा डावा हात हलेनासा झाला, तेव्हा डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. म्हणाले, या आजारात वास येणं कधीकधी कितीतरी वर्षं आधीच बंद होतं.

"अगं, देवाच्या आधी?" मी विचारलं.

"माझं नाक त्यानंच नेलं ना? मग माझं चाखून होईस्तोवर थांबेल तो," असं म्हणून आईनं चिमूटभर मीठ घातलं आणि पुन्हा चमचा तोंडाला लावला.